पहिली ओळ

"ठेवलंय म्हणजे काय? उघडून दाखव."

असं म्हणून काका सीडी डाव्या तळहातावर दोनदा हलकेच आपटायचे आणि चष्म्याच्या वरून समोरच्याकडे बघत राहायचे. समोर कारखान्याचे शेठ असोत, क्लासचे मास्तर असोत की दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, सुटका नसायची. वर्षाची सगळी माहिती सीडीवर उतरवून झाली की मालकाने ती स्वतःच्या हाताने संगणकात घालायची, त्यातली फाईल उघडायची आणि एक ओळ मोठ्याने वाचायची. ते ती ओळ त्यांच्या लाल पुठ्ठ्याच्या वहीत उतरवून घेत, खाली 'उघडून पाहिले' असं लिहीत आणि मालकाची सही घेत. मगच ती सीडी त्यांच्या पिशवीत जाई.

असा एखादा माणूस तुमच्याही भागात असेल. छोट्या धंदेवाल्यांना पगारी संगणकवाला ठेवणं परवडत नाही, मग वर्षाच्या कराराने बाहेरचा एक माणूस धरतात. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत तो माणूस म्हणजे आमचे काका. पन्नाशी उलटलेली, रत्नागिरीकडचे, राहायला पश्चिमेला मोरव्याकडे. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत पेचकस, रंगाचा ब्रश आणि सीड्यांची चळत. ब्रश संगणकातली धूळ झाडायला. मी कामाला होते त्या कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश व्हायचं, त्यामुळे संगणकातून निघणारी धूळही काळी कुळकुळीत. "तुमच्या शेठचं यंत्र विडी ओढतं का गं?" असं ते दर वेळी विचारायचे आणि मी दर वेळी हसायचे.

त्या सीड्या त्यांच्या घरी स्टीलच्या डब्यांत असत. डबेही आमच्याच कारखान्यातले, पोचा आलेले म्हणून शेठनी दिलेले. प्रत्येकावर चिकटपट्टीने धंद्याचं नाव. स्वयंपाकघरातल्या फळीवर तांदूळ, पोहे, नागलीचं पीठ आणि त्यांच्या रांगेत क्लास, दवाखाना, खोट्या दागिन्यांचं युनिट. "पाहुणे आले म्हणून पोह्यांचा डबा काढला," काकांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सांगायच्या, "तर आत दवाखाना! म्हटलं, आता फोडणी कशाला देऊ?" काका शांतपणे म्हणायचे, "डबा बरोबर होता. लेबल वाचायचं असतं."

आधी ते मुंबईत एका मोठ्या कचेरीत माहिती भरण्याच्या खात्यात होते. एके दिवशी ते खातंच बाहेरच्या कंपनीला देऊन टाकलं आणि साठ माणसांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म दिला. "स्वेच्छा त्यांची होती," काका म्हणायचे. "निवृत्ती आमची." माझे वडील गिरणीतल्या संघटनेतले. आमच्या घरात वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकं जास्त येत. तेव्हा मी काकांना तावातावाने म्हणाले होते, "तुम्ही लढायला हवं होतं." ते ब्रशने कीबोर्ड झाडत राहिले. "लढलो असतो तर तुला हा कीबोर्ड कोणी झाडून दिला असता?"

मी त्या कारखान्यात हजेरी ठेवायचे. बेचाळीस माणसं. कोण कधी लागलं, कोणाचे किती दिवस भरले, सगळं संगणकात. कागदाचे जुने हजेरीपट शेठनी जागा नाही म्हणून रद्दीत घातले होते. फंड वगैरे कोणाचाच नव्हता. या माणसांनी इथे काम केलं याचा पुरावा म्हणजे ती फाईल, आणि दर दिवाळीच्या सुट्टीआधी निघणारी तिची सीडी.

त्या दिवशी गाळ्यात एक गंमत असायची. सही द्यायची म्हणून शेठना बोलावलं की ते घाईत असायचे. फाईल उघडायची आणि डोळ्यांसमोर येईल ती पहिली ओळ वाचून मोकळं व्हायचं. नावं इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेली, त्यामुळे पहिली ओळ कायम अजयची. अजय म्हणजे शेठचा भाचा. नाव हजेरीवर, स्वतः कुठे असायचा ते देवाला ठाऊक. शेठ नाव आणि लागल्याची तारीख वाचून पुढे म्हणायचे, "हाजरी छब्बीस," आणि पॅकिंगच्या टेबलावरून मथुराबाई ओरडायच्या, "सव्वीस? सव्वीस डाव तं त्यो मुतायला बी आला न्हाय हितं!" सगळा गाळा हसायचा. शेठही हसायचे. काका मान खाली घालून ती ओळ वहीत उतरवायचे.

मथुराबाई जवळच्या राई गावच्या. सासरची शेती बिल्डरकडे गेली तेव्हा त्या भांडी पुसायला आणि खोक्यात भरायला आल्या. माझ्याआधीपासून, संगणकाच्याही आधीपासून. स्टीलची कड लागून त्यांच्या दोन्ही अंगठ्यांवर चिरांच्या पांढऱ्या रेघा उठल्या होत्या.

मग एका सॉफ्टवेअर कंपनीचा टायवाला विक्रेता आला. नव्या शतकाचं पहिलं दशक संपत आलं होतं, घरोघरी इंटरनेटच्या तारा लोंबत होत्या. त्याने टेबलावर लॅपटॉप उघडला आणि शेठना सांगितलं, "सर, आता सर्व्हर नको, सीडी नको, मेंटेनन्सवाला नको. सगळा डेटा आमच्याकडे. क्लाउड म्हणतात याला. तुम्ही फक्त भांडी बनवा."

शेठ खूश झाले. काका तिथेच खालच्या मशीनचं झाकण लावत होते. "काका, सुना? अब सब ऊपर रहेगा!"

"वर म्हणजे कुठे?" काकांनी टायवाल्याला विचारलं.

"सेफ आहे, अंकल."

"असेल. उघडून दाखवा."

त्याने उघडून दाखवलं. निळं निळं, फारच देखणं पान होतं. काका म्हणाले, "हे रिकामं आहे. आमची मागची सात वर्षं यात कशी जाणार?" टायवाला म्हणाला की जुनं राहू द्या, नवीन सुरुवात करू. काकांनी दोन दिवस मागितले, जुन्या फाइलीतून सगळ्यांच्या तारखा काढून देतो म्हणाले. शेठनी घड्याळाकडे बघितलं. "काका, आप बहुत पुराने जमाने का आदमी है," ते प्रेमाने म्हणाले. खरंच प्रेमाने. याचा मला अजून राग येतो.

माहिती भरायला मी बसले. नाव, पत्ता, काम. चौथा रकाना होता कामावर लागल्याच्या तारखेचा. तो भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. टायवाला घाईत होता. "मॅडम, आजची तारीख टाका. नंतर बदलता येते."

मी आजची तारीख टाकली. बेचाळीस वेळा.

काका मागे येऊन उभे होते. "अगं, ही तारीख खोटी आहे."

"नंतर बदलता येते म्हणाला तो."

"बदलून दाखव."

मी एक ओळ उघडून बघितली. तारखेचा रकाना राखाडी झाला होता, त्यात काही लिहिता येत नव्हतं. टायवाला म्हणाला, हेड ऑफिसला मेल करा. मी मेल केला. यंत्राने पाठवलेलं आभाराचं उत्तर आलं. पुन्हा मी तो विषय काढला नाही. वडिलांच्या पत्रकांसाठी अन्यायाबद्दल पानंच्या पानं लिहिणारी मी, एका रकान्यापाशी गप्प बसले.

पुढच्या आठवड्यात काका सात सीड्या घेऊन आले. करार संपला होता आणि जुनं मशीन भंगारात गेलं होतं. मी हळूच म्हणाले, "काका, एक एक प्रत ठेवा ना तुमच्याकडे."

"ज्याचं आहे त्याला परत द्यायचं. ठेवली तर ती चोरी."

मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला. घरी जाऊन वडिलांना सांगितलंही. वडील म्हणाले, "माणूस सरळ आहे." आम्ही दोघं किती मूर्ख होतो.

दोन वर्षं गेली नाहीत तोच गाळ्याची जागा टॉवरसाठी गेली. शेठनी सगळ्यांना जमवून हात जोडले आणि सांगितलं, कायद्याप्रमाणे जे होईल ते देऊ. कायद्याप्रमाणे म्हणजे निळ्या पानाप्रमाणे. त्यात सगळे एकाच दिवशी लागले होते. पॉलिशवर फुप्फुसं काळी केलेला माणूस आणि निळं पान यायच्या आदल्या पावसाळ्यात आलेला माणूस, दोघांची नोकरी सारखीच, दोन वर्षंही न भरलेली.

मथुराबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "तू लिवलंस ना गो? मग माजी बारा वर्सं कुटं हायत?"

मी काकांकडे धावले. ते म्हणाले, "सीड्या परत दिल्या. शेठकडे आहेत."

शेठ म्हणाले, "कौनसी सीडी?" आणि ते खोटं बोलत नव्हते. ते खरंच विसरले होते. सीड्या मथुराबाईंनी दाखवल्या. पत्र्याच्या छपराखालच्या खिडकीत पारवे घरटी करायचे, भांड्यांवर घाण पडायची. म्हणून कोणीतरी सातही सीड्या सुतळीत ओवून तिथे टांगल्या होत्या. चकाकल्या की पारवे घाबरतात. दोन उन्हाळे त्या तिथे फिरत होत्या.

काका स्वतः शिडीवर चढले. सुतळी कापली, खिशातल्या रुमालाने एकेक सीडी पुसली. घरी नेऊन संगणकात घातली. आतलं यंत्र घरघरायचं, थांबायचं, पुन्हा घरघरायचं. पहिली उघडली नाही. दुसरी नाही. सातवी बाहेर आली तेव्हा वहिनींनी न विचारता चहा ठेवला.

"वही!" मी म्हणाले. "काका, तुमची लाल वही! त्यात शेठच्या सह्या आहेत!"

त्यांचा चेहरा उजळला. फळीवर चढून त्यांनी वही काढली, बोट लावून आमच्या कारखान्याची पानं शोधली. पहिलं वर्ष: अजय, लागल्याची तारीख, हजेरी सव्वीस, उघडून पाहिले, सही. दुसरं वर्ष: अजय. तिसरं: अजय.

सातही वर्षं अजय.

काकांनी वही मिटली. मग म्हणाले, "मी उघडतंय का तेवढंच बघत राहिलो गं. काय उघडतंय ते बघितलंच नाही."

तरी ती वही घेऊन आम्ही कामगार कचेरीत गेलो. साहेब वाईट नव्हते. त्यांनी वही नीट वाचली. शेठचे वकील हसून म्हणाले, "सह्या आमच्या अशिलाच्याच आहेत. अजय ती सात वर्षं कामाला होते, हे आम्ही नाकारतच नाही."

मी उठून सांगितलं की निळ्या पानावरच्या तारखा खोट्या आहेत, त्या मीच टाकल्या. वकील माझ्याकडे वळले. "म्हणजे आपण खोट्या नोंदी करता. मग आज खरं बोलताय हे कशावरून?"

मग वकिलांनी काकांना विचारलं, "तुम्ही कंपनीत कोण?"

"कोणी नाही," काका म्हणाले. "मी बाहेरचा."

मथुराबाई बाकावर बसून होत्या. जाताना त्या साहेबांच्या टेबलापाशी थांबल्या, दोन्ही अंगठे पुढे केले. "ह्ये बगा. ह्ये काय दोन वर्सांचं हाय?" साहेबांनी अंगठ्यांकडे पाहिलं. म्हणाले, "बाई, कागद आणा." मथुराबाईंना दोन वर्षांच्या आतलं जे काय बसत होतं ते मिळालं. अजयला त्यावर आणखी सात वर्षांचं.

त्यानंतर काकांनी बाकीचे धंदेही एकेक करून सोडले, किंवा धंद्यांनी त्यांना सोडलं. सायकलवर मात्र दिसायचे. कधी राईच्या रस्त्याला, कधी वरसाव्याच्या बाजूला, पिशवी हँडलला तशीच. मी हाक मारली तर हात करायचे, थांबायचे नाहीत. मला वाटलं, माझ्यावर रागावले असतील. रागावायलाच हवं होतं. पुढच्या दिवाळीआधी ते गेले. सायकल लावून जिना चढले आणि दारात बसले, ते उठलेच नाहीत.

महिन्याभराने वहिनींनी बोलावलं. फळीवरचे डबे आता सगळे धान्याचे झाले होते. एकच बाजूला काढून ठेवलेला. "हा तुझ्याकडे द्यायला सांगितला होता. मी उघडलेला नाही."

चिकटपट्टीवर आमच्या कारखान्याचं नाव होतं. आत एक घडी घातलेला कागद. त्यांच्या बारीक अक्षरात एकेचाळीस नावं. प्रत्येकापुढे 'कधीपासून' असा रकाना. ते घरोघर फिरले होते. तारीख कोणाला आठवणार? ज्याला जे आठवलं ते त्यांनी लिहिलं होतं. 'प्रेस मशीन टेम्पोतून उतरवलं तेव्हा हजर.' 'धाकटा झाला त्याच्या दुसऱ्या महिन्यात.' 'शटरला हिरवा रंग होता तेव्हा.' अजयचं नाव कुठेच नव्हतं. पहिल्या ओळीत मथुराबाई: 'थोरलीच्या लग्नाआधीच्या गणपतीपासून.'

सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'उघडून पाहिले.' सहीची जागा कोरी.

मी वहिनींच्या समोर बसून एकेचाळीस ओळी मोठ्याने वाचल्या. एकही गाळली नाही. मग सही केली. त्या सहीला कुठल्या कचेरीत काय किंमत आहे ते मला सांगायला नको.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"झालं."

"मग डबा ठेवून जा. तांदळाला लागेल."

मी डबा घासून, धुऊन, पुसून दिला. चिकटपट्टी नखाने खरवडली. अर्धं नाव निघालं, अर्धं निघालं नाही.