अध्यक्षांचा वाकडा चेंडू

गोल्फ क्लबात खेळ शिकवणाऱ्या मास्तरांची ओळख एकच होती: हा माणूस आधी बिघडवतो. खोटं नव्हतं ते. वाकडा स्विंग, म्हणजे स्टिक फिरवायची ढब, सरळ करायचा तर आधी तो मोडावा लागतो, आणि मोडलेला स्विंग जुळेपर्यंत चेंडू चारचौघांत लाज काढतो. मास्तर हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगत. शिकायला आलेले निम्मे लोक तिथूनच परत फिरत.

क्लबाच्या अध्यक्षांचं दुखणं जुनं होतं. आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याची स्टिक, हातात घेतली की चेंडू निघायचा बरा आणि अर्ध्या वाटेत उजवीकडच्या झाडीत शिरायचा. मग नाचता येईना अंगण वाकडं. कधी वाऱ्याचा दोष, कधी गवताचा, कधी नव्या स्टिकचा. शेवटी त्यांनी या खेळातले सगळे शहाणे करतात तेच केलं. चेंडू उजवीकडे जातो ना, मग आपण डावीकडे तोंड करून उभं राहू! पण जितकं डावीकडे वळावं तितकी स्टिक चेंडूला बाहेरून आत कापत येते, आणि चेंडू आणखीच उजवीकडे पळतो. अध्यक्ष दर महिन्याला थोडे थोडे डावीकडे सरकत होते. असंच चाललं असतं तर एक दिवस त्यांनी पार्किंगकडे तोंड करून खेळ मांडला असता.

"दुरुस्त होईल साहेब," मास्तर म्हणाले. "पण आधी अजून बिघडेल. मध्येच सोडायचं नाही."

"मी शब्दाचा पक्का आहे," अध्यक्ष म्हणाले.

मास्तरांनी त्यांची पकड बदलली, पाय निशाणाला धरून सरळ लावले आणि उजव्या काखेत रुमाल दाबून धरायला सांगितला. रुमाल पडला की समजायचं, कोपर अंगापासून सुटलं आणि स्टिक पुन्हा बाहेरून आली. रोज फक्त अर्धा स्विंग. स्टिक कधी चेंडूमागची माती उकरायची, कधी चेंडूला वरच्यावर टपली मारायची. अध्यक्ष चिडत. मास्तर मात्र मनातून खूश होते, कारण रुमाल आता काखेत टिकू लागला होता.

नेमका तेव्हाच शेजारच्या क्लबाबरोबरचा वार्षिक सामना आला. मास्तर म्हणाले, एवढा सोडा. अध्यक्षांनी ऐकलं नाही. ते मैदानात उतरले आणि सगळ्यांसमोर, त्यातही सख्ख्या मेहुण्यासमोर, त्यांचे चेंडू पायाशीच घरंगळले. मेहुणा पोट धरून हसला आणि मास्तरांची नोकरी गेली.

"उद्यापासून तुमचा पुतण्या बघेल," सेक्रेटरीनं निरोप दिला. "काम घरातच राहतंय, वाईट कशाला वाटून घेता?"

पुतण्या म्हणजे मास्तरांच्या वारलेल्या भावाचा मुलगा. मास्तरांच्या बायकोनं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं, आणि त्याच्या हातात पहिली स्टिक मास्तरांनीच दिली होती.

"काका, मी नाही म्हटलं तर बाहेरचा कुणीतरी येईल," तो मान खाली घालून म्हणाला.

"घे तू," मास्तर म्हणाले. "फक्त साहेबांच्या काखेतला रुमाल काढू नकोस."

नोकरी गेली ते त्यांनी गिळलं. पण आयुष्यभराच्या कामावर शेवटी 'बिघडवणारा' एवढाच शिक्का बसावा, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. अध्यक्षांचा चेंडू सरळ जावा आणि कुणीतरी एकदा म्हणावं की मास्तर बरोबर होते, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

एका दुपारी ते सरावाच्या मैदानाच्या जाळीमागे जाऊन उभे राहिले. अध्यक्षांनी आयर्न फिरवली. चेंडू उंच गेला आणि जिथे नेम धरला होता तिथेच पडला. दुसराही तसाच. मास्तरांचा ऊर भरून आला.

"तुझ्या काकानं माझी पार वाट लावली होती," अध्यक्ष पुतण्याला म्हणाले. "तू बघ, आलास काय आणि सरळ केलंस काय."

मास्तर कान देऊन उभे राहिले. पोराला सगळं ठाऊक होतं. त्याच्या एका वाक्यानं काम झालं असतं.

"काकांचं वय झालं होतं साहेब," पुतण्या हसून म्हणाला. "जुनी पद्धत त्यांची." आणि अध्यक्षांच्या काखेतला रुमाल झटकून त्यानं पुन्हा तिथेच दाबून दिला.

मास्तर घरी आले. बायको ओट्याशी कांदा चिरत होती.

"क्लबात गेला होतात ना? जातोय का चेंडू सरळ?"

"जातोय."

"मग? तुमच्याबद्दल बोललं का कुणी?"

मास्तर बराच वेळ चपला काढत राहिले.

"बोलला," ते म्हणाले. "आपला पोरगाच बोलला."

"मला ठाऊकच होतं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा खुलला की पुढचं सांगायची सोयच उरली नाही. संध्याकाळी पुतण्या घरी आला तेव्हा तिनं पहिलं ताट त्याला वाढलं.