बाईंची पंक्चरची परीक्षा

सुनेत्रा आगाशे आयुष्यात कधी नापास झाल्या नव्हत्या. हे त्या स्वतःहून सांगत नसत, पण समोरच्याला ते दहा मिनिटांत कळायचंच. शाळेत पहिला नंबर, गणितात एम.एस्सी., आणि रेल्वेत इंजिनिअर असलेल्या नवऱ्याबरोबर उत्तरेकडे आलमबागच्या क्वार्टरमध्ये आल्यावर लोणचं घालण्यातही कॉलनीत पहिल्या. अशी बाई तेलीबागेतल्या त्या विचित्र शाळेत शिकवायला का जाते, याचं कोडं १९९४ साली सगळ्या कॉलनीला पडलं होतं.

शाळा कसली, भाड्याचं दुमजली घर. नववी-दहावीची एकतीस मुलं, बहुतेक दुसऱ्या शाळांनी नापास म्हणून वाटेला लावलेली. घंटा नाही, गणवेश नाही. मुख्याध्यापक मधुसूदनजी सकाळी वांग्यांना पाणी घालताना भेटायचे. माणूस मऊ, पण त्यांचा एक नियम कडक होता. प्रत्येक शिक्षकानं दर सहामाहीत एका विद्यार्थ्याकडून काहीतरी शिकायचं आणि शेवटी सगळ्या शाळेसमोर परीक्षा द्यायची. परीक्षक तोच विद्यार्थी.

सुनेत्राबाईंच्या वाट्याला विनीता निकम आली. साताऱ्याकडच्या लष्करी हवालदाराची मुलगी, नववीत दोनदा आपटलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून. अपूर्णांक दिसले की ही खिडकीबाहेर बघायची. बाई तिला आणखी दहा गणितं द्यायच्या, ती दहाही चुकायची. पण घराशेजारच्या सायकलवाल्याकडे बसून बसून ती पंक्चर काढायला शिकली होती, आणि तेच ती बाईंना शिकवणार होती.

बाईंनी नाक मुरडलं खरं, पण हौसेनं शिकल्या. ट्यूब बाहेर काढायची, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची, बुडबुडे येतील तिथे खूण करायची. मग पॉलिश पेपरनं घासून सोल्युशन लावायचं आणि ते सुकेपर्यंत थांबायचं. थांबणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. "मैम, अभी नहीं," असं विनीता दर वेळी म्हणायची आणि त्यांचा हात धरून ठेवायची. वर्गात तोंड न उघडणाऱ्या या मुलीला इतकं बोलता येतं, याचं बाईंना मनापासून नवल वाटायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी विनीताचे वडील, रमाकांत निकम, मधुसूदनजींना भेटून गेले. पोरीला आता गावी मामाकडे पाठवायचं, शाळा पुरे झाली, असं त्यांनी सांगितलं. ते कळताच बाई त्यांच्यामागे गेटपर्यंत धावत गेल्या आणि म्हणाल्या, "उद्या परीक्षेला तरी या. पोरगी किती छान शिकवते ते बघा, मग ठरवा." आता आपण पास झालो की पोरगी राहिली, असं त्यांचं साधं समीकरण होतं.

शनिवारी अंगणात सगळी शाळा जमली. निकम खुर्चीत ताठ बसले होते. ते छावणीतल्या गाड्यांच्या वर्कशॉपमधले, टायरांत हयात गेलेली. बाईंनी पदर खोचला. भोक सापडलं, घासलं, सोल्युशन लावलं, दातओठ खाऊन थांबल्यासुद्धा. पॅच बसला, चाक फुगलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी निकमांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"पंद्रह मिनट रुकिए," विनीता म्हणाली.

चहा झाला. तोवर चाकातली हवा पुन्हा गेली.

विनीतानं टायर उचकटला, आतून बोट फिरवलं आणि बाभळीचा बारीकसा काटा काढून बाईंच्या तळहातावर ठेवला. पॅच उत्तम होता. ज्यानं भोक पाडलं, तो काटा बाईंनी शोधलाच नव्हता.

"फेल," विनीता शांतपणे म्हणाली. "अगले शनिचर फिर से. तब तक मैं काँटा ढूँढ़ना सिखाऊँगी."

बाईंचे कान तापले. एवढ्याशा काट्यासाठी, आणि तेही बाप समोर असताना! पण काट्याकडे बघता बघता त्यांना स्वतःचीच लाज वाटली. विनीताची गणितं नेमकी कुठे अडतात, हे त्यांनी एकदाही बोट फिरवून पाहिलं नव्हतं. नुसते पॅच लावत गेल्या होत्या, दहा-दहा गणितांचे.

निकम उठून जवळ आले. घसा खाकरून म्हणाले, "बाई, नवा जवान असा चुकला तर मी आईबाप काढतो त्याचे. हिनं तुम्हाला पुढचा शनिवार दिला." मग मुलीकडे न बघताच ते म्हणाले, "मी हिला कधी दिला नाही."

विनीता घमेल्यातलं पाणी वांग्यांना ओतायला निघून गेली.

"मग गावाचं कसं करता?" बाईंनी धीर करून विचारलं.

"आता कसं पाठवू?" निकम म्हणाले. "तिचा विद्यार्थी नापास झालाय. तुम्ही पास होईपर्यंत तिला हलवता येणार नाही."

त्याच क्षणी सुनेत्राबाईंनी पक्कं ठरवलं. अपूर्णांकांतला काटा सोमवारपासून शोधायचा, आणि विनीताचा दहावीचा निकाल लागेपर्यंत आपण काही पंक्चरमध्ये पास व्हायचं नाही.