भाऊजींची सही

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, यांच्याइतका सहीवेडा माणूस घाटंजीतच काय, अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही. सही तरी कशी? पूर्ण नाव, वर वेलबुट्टी, खाली झोकदार रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. आहेराच्या पाकिटावर करत, गाडीच्या धुळकट काचेवर करत, जेवताना वरणातसुद्धा बोटानं करून पाहत. ताई ओरडायची.

वेल्डर म्हणून आखातात गेले, तेव्हा तिथल्या बँकेत खातं उघडतानाही हीच सही. काउंटरवरच्यानं समजावलं, इंग्रजीत छोटीशी करा, दर वेळी जुळवावी लागते. छे! मागे रांग खोळंबली, तरी टिंबं दिल्याशिवाय यांनी पेन खाली ठेवलं नाही. पुढे गावी पैसे पाठवायचे म्हटलं की कारकून सही निरखत बसायचा आणि भाऊजी खुशीत ताईला फोन करायचे, "मान हलवून राह्यलता तो. पसंत पडली त्याले."

नोकरी संपवून परतले, पण शेवटचा हिशेब त्याच खात्यात जमा व्हायचा होता, म्हणून खातं चालू ठेवलं. तेवढ्यात लकवा मारला आणि उजवा हात गेला. औषधपाण्याला नेमके तेच पैसे हवे होते. पैसे मागवायच्या अर्जावर डाव्या हातानं केलेली सही जुळत नाही म्हणून तो परत आला. बँक म्हणे, स्वतः या. कसा जाणार, कप्पाळ? वाळवंटात हाडं भाजली या माणसानं, आणि पैसे कोणाचे हे ठरवणार दोन टिंबं! मी दिलेली शिवी इथं लिहीत नाही.

बऱ्याच विनवण्यांनंतर बँकेनं कळवलं, डॉक्टरचा दाखला जोडा आणि नोटरीसमोर अंगठा लावा. ताईला हायसं वाटलं. भाऊजी मात्र नोटरीच्या टेबलाशी मूठ आवळून बसले.

"माह्या बापानं जनमभर अंगठाच लावला," ते अडखळत म्हणाले. "मंग मले शाळेत कायले घातलं त्यानं?"

ताईनं त्यांची बोटं एकेक करून उघडली आणि अंगठा शाईवर टेकवला. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पैसे आले. औषधं सुरू झाली, भाऊजी आता काठीच्या आधारानं अंगणात फिरतात. शाई तर त्याच दिवशी निघाली. पण घरी कोणी आलं की ते अजून डावा अंगठा मुठीत घालून बसतात. ताई ते बघते आणि चहा ठेवायला आत जाते.