साडूच्या खुर्चीचं वजन

दोन हजार तेवीस साली आमचे साडू गेले तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते, आणि उभ्या आयुष्यात दोरी आणि चाक यांच्याशिवाय त्यांनी एकही काम सरळ केलं नव्हतं. हैदराबादला सरकारी प्रयोगशाळेत मोठे शास्त्रज्ञ होते म्हणे. तिथं काय शोधलं ते मला कळलं न्हाय, मी चौथीतनं शाळा सोडलेला. पण निवृत्त होऊन नळदुर्गजवळच्या आपल्या घरी आले आणि सगळी विद्या बायकापोरांवर सुटली. नातवाचा पाळणा टाकीतल्या पाण्याच्या धारेवर हलायचा. पोरगं झोपायचं, पण भिजून. दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याला घंटी बसवली. घंटी वाजली की ती कशी वाजते ते बघायला सगळं घर गोळा व्हायचं, आणि दूध सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतू जायचं. साडू शांतपणे म्हणायचे, "पण वेळेवर वाजली का न्हाय?"

पुढं मेव्हणीचे, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे, गुडघे गेले. तिला घरावरचं माळवद चढता येईना. उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायची जागा ती, आणि शेजारणींशी माळवदावरनं माळवदावर बोलायची जागाही तीच. खाली बसून बाई सुकत चालली. साडूंना ते बघवेना. त्यांनी माळवदाच्या कडेला तुळई बसवली, तिला विहिरीचं चाक टांगलं, दोरीच्या एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला फळी. फळीवरनं तेवढ्याच वजनाचं काहीतरी खाली आलं की खुर्ची अलगद वर जाणार. ब्रेकची दोरी त्यांच्या स्वतःच्या हातात.

आता तेवढंच म्हणजे किती? मेव्हणी काट्यावर उभी राहायला तयार न्हाय. मग तिला खुर्चीत बसवून घरातलं एकेक माणूस फळीवर बसवून पाहिलं. मी सहज पाव्हणा म्हणून गेलेलो. मी बसलो आणि बाई खुर्चीसकट अधांतरी थांबली. साडूंचे डोळे भरून आले.

मी म्हणालो, "ज्वारीचं पोतं ठेवा की."

"पाव्हणं, पोतं वर कोण नेणार? तुम्ही आपल्या पायांनी जिना चढता, हा तुमचा लई मोठा गुण आहे."

मी परंड्याकडचा, बागायती रानाचा मालक. मला वजन म्हणून वापरावं हे मनाला लागलं. पण तिथनं पुढं दर होळीला फोन ठरलेला, "पाव्हणं, कुरडया जवळ आल्या. वजन सांभाळा." दारात पाय ठेवला की साडू आत ओरडणार, "अगं, वजन आलं." पाव्हणे आले असं म्हणायची काही रीत? मी तोंड फिरवून बसायचो, आणि मग जिना चढायचो. एकदा सोनारीच्या जत्रेत पोटभर जेवून थेट तिकडं गेलो. फळीवर बसलो तो धाडकन खाली, आणि मेव्हणी मांडीवर कुरडयांच्या चिकाचं पातेलं घेऊन सर्रकन वर. मधे समोरासमोर आलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दाजी, जत्रा बरी झालेली दिसती."

वर पोचली की ती पदर सावरून शेजारणींना हाका मारायची. साडू खाली दोरी धरून मान वर करून तिच्याकडं बघत राहायचे. ऊन डोळ्यांत जायचं, तरी बघायचे.

ते हिवाळ्यात गेले. होळी आली, फोन वाजला न्हाय. कुणी न बोलवता मी गेलो. दारात कुणी ओरडलं न्हाय. मेव्हणीनं पाणी दिलं आणि म्हणाली, "दाजी, ती खुर्ची भंगारवाल्याला देते. यंदा कुरडया अंगणात बाजेवर घालीन."

"आणि माळवद?"

"दोरी धरणारं माणूस गेलं. आता कशाला वर."

त्यांचा मुलगा खाली मान घालून बसला. मी जेवताना मात्र एक भाकरी कमी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता जिना चढलो. चाकाला तेल घातलं, ब्रेकची दोरी खाली मुलाच्या हातात सोडली, फळीवर बसलो, आणि माझ्याच तोंडानं घरात आवाज दिला, "वजन आलंय."