सेठजींची चिमटी आणि हायड्रोजन

"मॅडम, लडकी को रवाना करो," म्हणत सेठजींनी ग्राफ टेबलावर आपटला.

लडकी म्हणजे माझ्या हाताखालची केमिस्ट, शुभदा. वडिलांची मिल बंद पडल्यापासून राजेंद्र नगरातलं त्यांचं घर हिच्या एकटीच्या नोकरीवर चाललेलं. तिनं बनवलेल्या औषधात भेसळ आहे, असा बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आला होता. सेठजी मूळचे कापडवाले. इंदूरच्या मिल्स झोपल्या, लायसन्सची कटकट कमी झाली, तसे भिया, म्हणजे इंदुरी बोलीतले भाऊसाहेब, औषधात शिरले.

ग्राफ एनएमआरचा होता. सोपं सांगते. पदार्थ मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओलहरी सोडल्या, की त्यातले हायड्रोजनचे अणू आपापला पत्ता सांगतात. शेजारी कोण राहतं, किती जण आहेत, सगळं. एक नंबरचे चुगलखोर. आमच्या औषधातले हायड्रोजन ग्राफच्या डावीकडे हवे होते. इथे उजवीकडेही शिखरं उभी.

ती मला ओळखीची वाटली. तेलातुपात असतात तसली. पण आमच्या औषधात तेलाचं काय काम?

"शुभदा, लॅबला पाठवलेली बाटली सील करण्याआधी कुठे होती?"

"सेठजींच्या केबिनमध्ये. त्यांना माल बघायचा होता ना," ती रडवेली होऊन म्हणाली.

तेव्हा माझी ट्यूबलाइट पेटली. सेठजी औषधही कापडासारखं बघत. चिमटीत धरून, चोळून, पोत बघून. वर माल वाया नको म्हणून चिमूट परत बाटलीत. आणि टेबलावर रतलामी सेवची प्लेट कायमची. मला असा संताप आला, काय सांगू.

मी त्याच प्लेटमधली सेव उचलली, सॉल्व्हंटमध्ये भिजवून तिचं तेल काढलं आणि लॅबला पाठवलं. सोबत त्याच बॅचचं, केबिनचं तोंड न पाहिलेलं औषध. औषध स्वच्छ निघालं. तेलाची शिखरं आधीच्या भेसळीशी तंतोतंत जुळली.

"सेठजी, भेसळ सापडली. रतलामी आहे."

त्यांनी ग्राफ बघितला, मग प्लेट, मग स्वतःची बोटं.

"मशीन इतना पकड़ती है?"

"हो. शुभदाचं काय करायचं?"

"रहने दो," ते पुटपुटले. सॉरी वगैरे काही नाही.

शुभदा राहिली. सेठजींना बघायला आम्ही वेगळी बाटली ठेवली. मी रिटायर होईपर्यंत ते त्या बाटलीतली चिमूट चोळून "बढिया माल" म्हणत होते.

हायड्रोजन कुणाच्या नोकरीत नसतो, म्हणून मालकाबद्दलही खरं बोलतो. आम्ही नोकरीत होतो. त्या बाटलीत पिठीसाखर होती.