अकलूजचं गार पाणी आणि आमचे नाजूक डोळे

सोलापूरच्या भवानी पेठेतून मला उन्हाळी शिबिराला धाडताना आईनं फराळाचं आणि सूचनांचं एवढं ओझं दिलं, की एसटी स्टँडातून बाहेर पडतानाच एका अंगाला कलली. शेजारी माझा मित्र सिद्राम. चेहरा गरीब, बाकी सगळं बेरकी.

सोलापूरचं ऊन कोरडं. माणूस पापडासारखा भाजून निघतो आणि कामाला लागतो. अकलूजला उतरलो तर चहूकडे ऊस, कालव्याचं पाणी आणि वारा रजेवर. तिथं माणूस इडलीसारखा शिजतो. शिबिराच्या खोलीत पहिल्याच दुपारी मला असा घाम सुटला की चटया तरंगल्या. खोटं वाटत असेल तर सिद्रामला विचारा. तो पोहत दारापर्यंत गेला होता.

शिबिर भरलं होतं त्या शाळेच्या कुंपणापलीकडे मळ्यात थारोळं होतं (मोटारीचं पाणी पडतं तो हौद). गार पाणी धो धो पडत होतं. त्यात एक डुबकी मिळाली नाही तर आमचा खेळ खलास, याबद्दल दोघांचंही एकमत होतं. एका दुपारी कवायत चुकवून कुंपणातून सटकलो, तर थारोळ्यापाशी मळ्याची मालकीण उभी. हातात विळा.

"कुणाची रं तुमी?"

"शिबिरातली, मावशी."

विळा खाली आला. तिच्या लेखी शिबिर म्हणजे डॉक्टरांचंच. "आरं देवा! एवढ्याशा वयात? डोळ्याचं का?"

मी तोंड उघडायच्या आत सिद्राम डोळे किलकिले करून म्हणाला, "व्हय मावशी. दोन्ही."

मावशी विरघळली. लगेच शिरा आला. तूप एवढं की रवा शोधावा लागला. आता काम फत्ते, म्हणून मी शर्टाची बटणं काढत विचारलं, "मावशी, जरा पाण्यात उतरू का?"

"खुळा का काय? डोळ्याला पानी लागलं म्हंजे?" असं म्हणून तिनं जुनं लुगडं फाडलं आणि आमच्या डोळ्यांवर पट्ट्याच बांधल्या.

इतक्यात आम्हाला शोधत शिबिराचे सर आले.

"काय मास्तर, डोळं कापलेली पोरं उन्हात नाचवता व्हय?"

"अहो बाई, हे शिबिर संस्कारांचं–"

"तुमच्या डोळ्याचं झालंय का?"

"नाही, पण–"

"मग तुमी उतरा की पान्यात! लई घामेजलाय."

सर अतिशय मायेनं म्हणाले, "मुलांनो, डोळे जपा हं!" पाठोपाठ धपकन आवाज झाला, आणि "अहाहाऽऽ" अशी जी आरोळी उठली ती पार जेऊर स्टेशनात ऐकू गेली असणार.

सोलापुरात परतल्यावर बाबांनी विचारलं, "काय शिकलास?"

"कुठलाही आजार सांगण्याआधी त्याला पाणी चालतं का, ते बघावं."

"बघ," बाबा आईला म्हणाले, "आरोग्याचंसुद्धा शिकवतात. पुढच्या वर्षीही धाडू."