मटार सोलणारा भैया

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही कॅन्सर दवाखान्याच्या बाकावर मटार सोलले. सोबत नव्या औषधाच्या चाचणीचे कागद समजावणारा भैया होता. तो उभ्यानं कधी समजावत नाही. शेजारी बसतो, शेंगा सोलतो, शेवटी म्हणतो, “चलो, आता तुम्ही मला समजवा.”

दोन हिवाळ्यांआधी ही त्याच्यावर चिडली होती. “काहून घेऊ हे औषध? मी काय उंदीर आहे?”

“काकू, उंदराला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं, औषध सुरू झाल्यावरही.”

मग हिनं सही केली. दोन हिवाळे माझ्याशी मस्त भांडली.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मटार घेऊन तिथंच गेलो. एक बाई तेच कागद घेऊन घाबरून बसली होती. भैयानं सरकून मला जागा दिली. मी म्हणालो, “बाई, आधी शेंगा सोला. मग हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.”